कानातली पाणसळ

ऐन नवतप्यात, मे अखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, घर थंड राहावं म्हणून मी बैठकीच्या सगळ्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला, फरशीवर फोमचे चौकोन अंथरले आणि कूलर लावून झोपी गेलो. माझी बायको त्या अंधारात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

एवढं आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मी ही गोष्ट उन्हाळ्यापासून सुरू करतो, मग कूलरच्या ताट्या, मग पंप कसा दरवर्षी ऐन वेळी दगा देतो ते, आणि पडण्यापर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा चहा संपवून चपला शोधायला लागलेला असतो. बायको म्हणते, मुद्दाम करता तुम्ही. असेल.

पण उन्हाळ्याचं थोडं सांगावंच लागेल, कारण बाहेरच्या माणसाला वाटायचं की हा गृहस्थ वेडाच होता. नागपुरात मे महिन्यात घर काळोखं करणं यात वेडेपणा कोणीच मानत नाही. सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत खिडक्या लावायच्या, जाड पडदे सोडायचे, जिथून उजेड येतो तिथून झळ येते असं समजून प्रत्येक फटीमागे लागायचं. कोणी काचांना वर्तमानपत्रं लावतो, कोणी थर्माकोल. उन्हातून आलेला पाहुणा दाराशी आंधळ्यासारखा चाचपडत उभा राहिला की घरमालकाची छाती फुगते. मी तर बांधकाम खात्यातला निवृत्त ओव्हरसीअर. सरकारी पुलांना भेगा पडल्या तेव्हा त्या जेवढं मन लावून बुजवल्या नव्हत्या, तेवढं मन लावून मी माझ्या बैठकीतली उन्हाची शेवटची रेघ चिकटपट्टीनं बुजवली. भरदुपारी स्वतःचा हात दिसेना. मी खूश.

आता बायकोच्या कानांचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

आदल्या हिवाळ्यात तिला संसर्ग झाला आणि तो रक्तात गेला. मोठ्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी एका इंजेक्शनाबद्दल आधीच बजावलं होतं की याच्यानं क्वचित एखाद्याच्या कानांना इजा होते, पण दुसरा इलाज दिसत नाही. आम्ही मान डोलावली. त्या इंजेक्शनांनी ती वाचली, हे मी विसरत नाही. आणि त्या क्वचित लोकांत तिचा नंबर लागला.

गंमत म्हणजे ऐकू तिला उत्तम येत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पुटपुटलेलंही तिला बेडरूममध्ये कळायचं. त्यामुळे कान गेलेत अशी शंका कोणाला येणार? घरी आल्यावर ती बेसिनपाशी तोंड धुवायला उभी राहिली, साबण लावला, डोळे मिटले आणि पुढं जाऊन कपाळ नळावर आपटलं. मी म्हणालो, अशक्तपणा आहे, आणि डाळिंबं आणली. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. मी म्हणालो, डाळिंबं गोड नव्हती.

शेवटी कानाच्या डॉक्टरांनी समजावलं. कानात अगदी आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, आणखी एक बारीक यंत्रणा असते. डोकं कुठं झुकलं, कुठं वळलं, ते ती शरीराला सतत कळवत असते. दोन्ही कानांतली ती बंद पडली होती.

"म्हणजे पाणसळ," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं की गवंड्याकडे एक पट्टी असते, तिच्यात काचेची नळी, नळीत पाणी आणि एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की फरशी सपाट. ते म्हणाले, हो, तसंच समजा. मग त्यांनी पुढचं सांगितलं. माणूस उभा राहतो तो तीन ठिकाणच्या खबरेवर. कान सांगतात, डोळे सांगतात, आणि तळपाय व सांधे सांगतात. एक खबऱ्या गेला तर बाकीचे दोन मिळून काम ओढतात. तुमच्या मिसेस आता डोळ्यांनी आणि पायांनी उभ्या राहतील, शिकतील हळूहळू.

हे मला फार आवडलं. इतकं आवडलं की भाजीवाल्यापासून बुद्धविहारातल्या मंडळींपर्यंत मी ज्याला त्याला पाणसळ समजावत सुटलो. आपली बायको सरळ उभी राहू शकत नाही हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव असायला हवा तो माझ्या चेहऱ्यावर नसायचा, असं तिनंच मला एकदा सांगितलं. मला विषय समजला होता ना. विषय समजला की मला पुढचं काही दिसत नाही.

तिचं मात्र जग हलायला लागलं होतं, अगदी खरोखरच. चालताना डोकं जरा वरखाली होतं, ते आपल्याला जाणवत नाही कारण कानाच्या खबरेवरून डोळे ते सांभाळून घेतात. तिचे डोळे एकटे पडले. रस्त्यानं चालली की दुकानांच्या पाट्या उड्या मारायच्या, समोरून येणाऱ्या बाईचा चेहरा ओळखू यायचा नाही. ओळखीच्या बायका म्हणू लागल्या की दुखण्यातून उठल्यापासून हिला माज आला. संध्याकाळची वंदना आम्ही घरात उभं राहून घेतो, हात जोडून, डोळे मिटून. तिनं डोळे उघडे ठेवायला सुरुवात केली. मेणबत्तीकडे टक लावून, जणू ती विझली तर आपण पडू, अशी ती उभी राहायची. मी एका डोळ्यानं बघायचो. माझाही एक डोळा उघडाच असतो हे तिला लग्नापासून माहीत होतं, म्हणून ती काही बोलायची नाही.

याच सुमारास कामठीहून बातमी आली की बाईला आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, घरी आणलं आहे.

बाई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. पण हिच्यासाठी ती बहिणीपेक्षा आईच जास्त. सासूबाई हिला जन्म देतानाच गेल्या. थोड्याच महिन्यांनी बाईचं लग्न झालं तेव्हा ती कामठीला नवऱ्याच्या घरी पाऊल ठेवताना या तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन आली. बाईची सासू दारातच म्हणाली, ही काय जहेज? बाई म्हणाली, हो. माझी बायको त्या घरात रांगली, तिथंच चालायला शिकली, तिथूनच शाळेत गेली आणि तिथूनच मला दिली गेली. मला पाहायला बाई आली होती. मी पोहे खाताना बशी पालथी केली. ती म्हणाली, चालते, पोरगा लपवून नाही ठेवत काही.

आता बाईच्या पोटात गाठ होती आणि तिच्याजवळ फार वेळ नव्हता. ते तिलाही माहीत होतं. रोज दुपारी दोघी फोनवर बोलायच्या. बाई स्वतःच्या दुखण्याचं काही काढायची नाही, एकच विचारायची. चालून राहिली का तू? धरून का बिना धरून?

तेव्हा माझ्या बायकोनं ठरवलं की कामठीला जायचं, आणि ऑटोतून उतरून गल्लीतून बाईच्या खाटेपर्यंत आपल्या पायानं जायचं, कोणाचा हात न धरता. मी म्हणालो, आजच चल ना, मी धरतो. ती म्हणाली, "बाईनं मले चालाले शिकवलं जी. आता ते जाऊन राहिली, अन् मी तिच्यापुढं तुमच्या हाताले लोंबकळत जाऊ? तिचा जीव अडकंल."

मला पटलं. मला सगळं लगेच पटतं, तो माझा गुण नाही.

तेव्हापासून फिजिओथेरपी जोरात सुरू झाली. शिकवणारी एक तरुण मुलगी होती, आम्हाला काका-काकू म्हणायची. डोकं हलवत भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवा, वळा, थांबा, एका पायापुढे दुसरा टाका. माझी बायको शाळेतल्या पोरीसारखी गृहपाठ करायची. महिन्याभरात ती बैठकीत या टोकापासून त्या टोकाला जाऊ लागली. चप्पल घालायची नाही, तळपायाला फरशी नीट लागू द्यायची, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. मी खुर्चीत बसून हुकूम सोडायचो, उजवं थोडं खाली गेलं, डावं वर घे, आणि ती म्हणायची की स्लॅब नाही टाकून राहिले जी तुम्ही.

एक दिवस त्या मुलीनं एक परीक्षा घेतली. आधी बायकोला नुसत्या फरशीवर अनवाणी उभं करून डोळे मिटायला लावले. ती थोडी डुलली, पण राहिली. मग एक जाडजूड फोमचा तुकडा आणला, त्यावर उभं केलं आणि म्हणाली, आता मिटा. बायकोनं डोळे मिटले आणि लाकडाच्या ओंडक्यासारखी मागे गेली. ती मुलगी मागेच होती, तिनं झेललं.

"पाहा काका," ती म्हणाली, "फोमवर पाय नीट सांगत नाहीत, डोळे मिटले म्हणजे तेही गेले. कान तर नाहीतच. मग काकूंजवळ काहीच उरत नाही."

मी हे सगळं ऐकत होतो. अगदी समोर उभा होतो. आणि त्या वेळी माझ्या मनात काय आलं असेल? फोम काय मऊ आहे हो. मी दाबून पाहिला. म्हटलं, यावर माणूस पडला तर खरचटणारसुद्धा नाही. तिला विचारलं, हा कुठं मिळतो. ती बिचारी समजली व्यायामासाठी विचारतोय, म्हणाली, असाच नाही, पण सीताबर्डीत मुलांच्या खेळण्याचे चौकोन मिळतात, एकमेकांत अडकवायचे.

मेमध्ये बायकोनं सांगितलं की आपण तयार आहोत, या रविवारी जाऊ. मी म्हणालो, नवतपा जाऊ दे. कामठीची ती गल्ली, वर पत्रे, बाहेर आग ओतलेली, तुझं काही झालं तर. ती म्हणाली, बाई थांबंल का? मी म्हणालो, आठवडाभराचा तर प्रश्न आहे. मग ती फोनवर बाईला म्हणाली की पुढच्या आठवड्यात येतो. उन्हाचं कारण सांगितलं. खरं तर तिला ऊन कधी लागत नाही. मला लागतं.

तो आठवडा तिचा सुखाचा जावा म्हणून मी काळा कागद आणला, सीताबर्डीहून फोमचे चौकोन आणले. निळे आणि पिवळे. सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी ते दिवाणाखाली दडवले, जेवण झाल्यावर ती मागच्या अंगणात मोलकरणीशी बोलत होती तेव्हा ते बैठकभर अंथरले आणि खिडक्यांना कागद लावला. तिला दाखवून चकित करायचं होतं. पण दिवाणावर जरा टेकलो, कूलरचा वारा असा लागला, आणि मी झोपलो.

ती उन्हातून आत आली. डोळ्यांपुढे काळोख. पायाखाली अशी जमीन की जिचा काही पत्ता लागत नाही. कान तर हिवाळ्यातच गेले होते. तिनं मला हाक मारली म्हणे. कूलर आमचा जुना, त्याचा आवाज विमानासारखा, आणि मी घोरतो. ती पडली ती फोमवर नाही, दिवाणाच्या लाकडी कडेवर. दिवाणाला मी फोम लावला नव्हता.

ऑपरेशन झालं, हाडात सळई टाकली. घरी आणल्यावर फिजिओथेरपीवाली मुलगी भेटायला आली. मी दार उघडलं, ती आत येऊन एकदम थांबली. पायानं फोम दाबून पाहिला. खिडक्यांकडे पाहिलं. मी म्हणालो, पडली तर लागू नये म्हणून.

ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही घरात परीक्षा मांडून ठेवली हो."

तिनं स्वतःच खाली बसून एकेक चौकोन उपटायला सुरुवात केली. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, तुम्ही राहू द्या. मग खिडकीचा कागद टरकावला. ऊन आत आलं, सगळी बैठक पांढरी झाली. माझी बायको आतल्या खोलीत पलंगावर पडून ते सगळं ऐकत होती. तिनं मला त्या दिवशी काही म्हटलं नाही, आणि पुढच्या दिवशीही नाही. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो, उत्तरंसुद्धा ठरवली होती. ती उत्तरं अजून माझ्याकडेच आहेत.

बाईला पडल्याचं कळवायचं नाही, हे तिनं दवाखान्यातच सांगितलं होतं. त्यामुळे दुपारचा फोन चालूच राहिला. ही उताणी पडलेली, पाय उशीवर, आणि फोनवर आवाज असा की जणू अंगणात गहू निवडत बसली आहे. हो, चालून राहिली ना. बिना धरून. उद्या-परवा येतोच. एक दिवस बाई म्हणाली, जवाईबुवाला दे. बायकोनं फोनचा आवाज मोठा करून माझ्यापुढे धरला आणि दुसरा हात स्वतःच्या तोंडावर ठेवून मला खूण केली. सांगायचं नाही.

बाईचा आवाज बारीक झाला होता, पण धार होती तशीच.

"काहून जी जवाईबुवा, माह्या बहिणीले काहून येऊ नाही देऊन राहिले तुम्ही?"

"ऊन लय हाय, बाई."

"मंग? कामठीत का बरफ पडते? आम्ही नाही राहून राहिलो का इथं?"

मी म्हणालो की नवतपा संपला तरी झळा आहेत, तिची तब्येत नाजूक आहे.

"तिची तब्येत काई नाजूक नाही. तुमचीच हाय, पहिल्यापासून. तुम्ही राहा घरी कूलरपुढं. तिले ऑटोत बसवून द्या. ते येते एकटी."

मी हो म्हणालो. बायकोच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं, आणि तोंडावरचा हात तिनं काढला नव्हता. फोन बंद झाल्यावर ती फक्त एवढं म्हणाली की टॉवेल द्या, कानात पाणी जाऊन राहिलं.

जूनमध्ये बाई गेली. तोपर्यंत माझी बायको वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. बाईला शेवटपर्यंत हेच वाटत राहिलं की मी हिला अडवून ठेवलं. ते खोटंही नव्हतं.

अंत्ययात्रेला मी एकट्यानं जावं असं ठरलं, पण तिला एकटं कसं सोडायचं म्हणून मीही राहिलो. बाईच्या सुनेनं व्हिडिओ कॉल लावून दिला. आता यात एक गोष्ट होती जी मला तेव्हाही सुचली नाही. सून फोन हातात घेऊन माणसांच्या गर्दीतून चालत होती, त्यामुळे चित्र सारखं हलत होतं, कलत होतं, दाराची चौकट आडवी व्हायची, आकाश खाली यायचं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण जिचा सगळा तोल डोळ्यांवर उभा आहे तिला चित्र कललं की आपणच कललो असं वाटतं. माझी बायको पलंगावर आडवी होती आणि तरी पडत होती. तिनं एका हातानं पलंगाची दांडी पकडली, बोटं पांढरी पडली, ओठांवर घाम आला. मी म्हणालो, बंद करू का? तिनं मान हलवली, आणि ती हलवल्यानं आणखी गरगरलं. तिनं डोळे मिटले नाहीत. बाईला दारातून बाहेर काढलं, गल्लीच्या वळणावर नेलं, तिथपर्यंत ती पाहत राहिली. मग बाजूला वाकून उलटी केली.

मी तसराळं धरलं. ते काम मी बरं करतो.

त्यानंतर व्यायामाचा विषय मी काढला नाही. कामठीला जाण्याचं आता काय कारण उरलं होतं? पण पावसाळ्यात एके सकाळी तिनंच त्या मुलीला फोन करून बोलावलं आणि सांगितलं की पुन्हा सुरू करायचं, पहिल्यापासून. ती मुलगी आली. मी उत्साहानं बायकोचा दंड धरून तिला उभं केलं, तर ती मुलगी म्हणाली, "सोडा काका. एवढं आवळून धरलं की काकूंना स्वतःचं वजन कुठं आहे तेच कळत नाही." तिनं बायकोचं एक बोट भिंतीला नुसतं टेकवलं. भार द्यायचा नाही, फक्त लागू द्यायचं. आणि खरंच, तेवढ्या स्पर्शानं ती डुलायची थांबली. बोटाच्या टोकानं शरीराला सांगितलं की भिंत इथं आहे, म्हणजे तू इथं आहेस. मला वाटलं, मी इतके महिने जीव खाऊन धरत होतो, आणि हे काम एका बोटाचं होतं. हे मी मोठ्यानं बोललोही.

दिवाळी झाल्यावर, थंडी पडल्यावर, ती म्हणाली की आता जाऊ. मी म्हणालो, कार करू. ती म्हणाली, नाही, ऑटोच. बाईनं ऑटोनं ये म्हटलं होतं.

कामठीला ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. मी आधी उतरून हात पुढे केला. तिनं तो पाहिला आणि ऑटोची दांडी धरून उतरली. काठी सोबत आणली होती, ती माझ्याकडे दिली. डाव्या हाताचं बोट लोकांच्या घरांच्या भिंतींना लावत ती चालू लागली. मधे एखादं दार उघडं आलं की भिंत संपायची, तेव्हा तेवढ्यापुरतं थांबायची, समोरच्या कशावर तरी नजर रोखायची, आणि पुढची भिंत लागेपर्यंत जायची. मी मागून काठी घेऊन चालत होतो. गल्लीतल्या लोकांना वाटलं असेल की आजारी मीच आहे. दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तिला परकर-पोलक्यात पाहिलेलं. एकजण पदर डोळ्यांना लावू लागली तेव्हा दुसरीनं तिला कोपरखळी मारली.

घरात भाऊजी, म्हणजे बाईचे यजमान, खुर्चीवर बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातमागावर काम केलेला माणूस, ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलतातही कमी. त्यांनी हिला दारातून एकटीला आत येताना पाहिलं. उठले नाहीत. फक्त म्हणाले, "आली का वं? उशीर केला." आणि सुनेला पाणी आण म्हणाले.

बाईची खाट काढून ठेवली होती. ती जागा रिकामी होती, सिमेंटची जुनी फरशी, मधे गुळगुळीत, कडेला खडबडीत. शेजारच्या घरात अजून माग चालतात, त्यांची थरथर त्या फरशीतून तळपायांना लागते. माझी बायको चप्पल दारात काढून त्या जागेवर जाऊन उभी राहिली. सुनेनं बाईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली. भाऊजी आता कसेबसे उठले. वंदना सुरू झाली.

वंदनेला दोन्ही हात जोडावे लागतात. म्हणजे भिंतीला लावायला बोट उरत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिनं हात जोडले. मग त्या दुखण्यानंतर वंदनेत पहिल्यांदा, मेणबत्तीकडे शेवटचं पाहून, तिनं डोळे मिटून घेतले.

कान नाहीत. डोळे नाहीत. हात नाहीत. त्या फरशीवर तिचे दोन अनवाणी पाय होते, बोटं जमिनीत रुतवल्यासारखी, आणि घोट्यांपासून वर सगळं शरीर अगदी बारीक डुलत होतं. मला ते पाहवेना. मी काठी भिंतीशी ठेवली, पाय न वाजवता तिच्या मागे गेलो आणि दोन्ही हात पसरून, कबड्डीतल्या गड्यासारखा वाकून, उभा राहिलो. भाऊजी वंदना म्हणता म्हणता थांबून माझ्याकडे पाहू लागले. सून पाहू लागली.

बायकोनं डोळे उघडले नाहीत. हात जोडलेलेच ठेवून, आवाज न चढवता ती म्हणाली,

"बाजूले व्हा जी. तुमच्या भरोशावर नाही मिटले मी डोळे."